सावलीतला वाल

वहाळ गावाच्या वेशीला, जिथे उलव्याचे टॉवर थांबतात
आणि कुंपणाची तार सुरू होते,
चांगुणाआत्याचा वाल तारेवर चढला होता.
सहा फूट. नुसती पानं.
जानेवारी अर्धा सरला, पोपटीची मडकी घासून झाली,
भामरुडाचा पाला आणून झाला,
आणि शेंग म्हणून एक नाही.
खत जास्त झालं, शेजारी म्हणाला.
नजर, जाऊ म्हणाली.

मी महापेहून गेले, वही आणि भिंग घेऊन.
पेरं मोजली: एकतीस, बत्तीस, चौतीस.
पहिलं फूल कितव्या पेरावर आलं
हेच आमच्या धंद्यात झाडाचं वय.
चौतीस पेरं चढून गेलेला वेल
आणि एकाही बगलेत कळी नाही.

संध्याकाळपर्यंत थांबले.
सात वाजता नव्या रस्त्याचा हायमास्ट पेटला
आणि वालासाठी परत दुपार झाली.

वाल रात्र मोजतो, आत्या.
आपण म्हणतो दिवस लहान झाला. तो रात्र मोजतो.
पान अंधार साठवत बसतं,
माप भरलं की शेंड्याला निरोप धाडतं:
चढणं पुरे, आता फुलायला घे.
मध्येच उजेड पडला
तर मोजणी पहिल्यापासून.

तिनं सगळं ऐकून घेतलं
आणि मला तारेच्या टोकाला नेलं.
"मंग ह्यो कसा?"

तिथे, आखून दिल्यासारख्या चौकोनात,
जांभळी फुलं, चपट्या कोवळ्या शेंगा,
मुंग्यासुद्धा आल्या होत्या.
चौकोनाच्या कडेला तर एकाच वेलाची
डावी फांदी लगडलेली, उजवी कोरी.
मान वर केली.
होर्डिंग. खाडीदर्शन, दोन बेडरूम, ताबा लवकरच.
बाप, आई, बापाच्या खांद्यावर मुलगा,
सगळे रात्रभर दिव्याच्या आडवे उभे.

पिशवीत माझ्याकडे दुसरं बियाणं होतं.
त्याच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं,
म्हणून सहाव्या-सातव्या पेरावर शेंडा
स्वतःच फूल होऊन बसतो. वाढ मिटली.
गुडघ्याएवढं झुडूप, मांडव नको, तार नको.
शेजारच्या जनुकात आणखी एक खोट:
त्याला रात्र कळतच नाही.
जून असो, हायमास्ट असो,
पंचेचाळीस दिवसांत फुलतं, सगळं एकदम.
आम्ही त्याला सुधारित म्हणतो.

तिनं चार दाणे तळहातावर घोळवले.
"सगल्या शेंगा एकाच आठवड्यात?
आन बाकीचं दिवस काय तार चावू?"

फेब्रुवारीत तिनं चौकोनातल्या शेंगा वाळवल्या,
दाणे राखेत घोळून बरणीत भरले.
मला राहवलं नाही. म्हटलं,
सावली बियाण्यात उतरत नाही, आत्या.
हेच दिव्याखाली लावलंस
तर पुढच्या वर्षी पुन्हा पानंच.
"ठाव हाय," झाकण फिरवत ती म्हणाली,
"पन बी त जे फललं त्यालाच ना."

वहीत यासाठी रकाना नव्हता.
शेरा म्हणून लिहिलं, कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

त्यातलेच दहा दाणे मागून आणले.
तिच्या वेलाचा आणि माझ्या झुडपाचा संकर केला,
आज गच्चीवर दुसरी पिढी आहे, दोनशे चाळीस कुंड्या.
हवा आहे तारेवर चढणारा, पण दिव्याला न जुमानणारा,
महिनोन् महिने थोडा थोडा देत राहणारा.
कागदावर सोळांत तीन निघायला हवेत.
पण ही दोन जनुकं एका भिंतीची घरं,
एक उठलं की दुसरं मागोमाग.
चार निघाले.
एक उंदरानं नेला.

तिघांना काठ्या रोवल्या आहेत.
गच्चीवरचा दिवा मुद्दाम चालू ठेवलाय,
वॉचमन रोज विचारतो, मॅडम, बंद करू?
नको, म्हणते मी, राहू दे.
आज सकाळी एकशे सतरा नंबरच्या कुंडीत
अकराव्या पेराच्या बगलेत
काहीतरी टोचरं, हिरवं.
पान असेल. भिंग खाली विसरले होते.